थोरल्या आईनं न चिरलेला कांदा

त्या दिवशी आमचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं. किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र पहिल्यांदाच हाताळायला मिळालं होतं. मॅडमनी सांगितलं होतं की आधी त्याच्यासमोर काहीच ठेवायचं नाही, नुसतं चालू करायचं आणि ऐकायचं. समोर काहीच नव्हतं तरी ते टिकटिकत होतं. मॅडम म्हणाल्या, "हे सगळीकडंच असतं. भिंतीत, मातीत, केळ्यात, तुमच्या-माझ्या हाडांत. ह्याला घाबरायचं नाही, हे वजा करायचं." मला वाटलं, सुट्टीला गेल्यावर हे थोरल्या आईला सांगायचं. ती म्हणेल, 'मग माझ्यातनं बी कर की वजा…' आणि तेवढ्यात बॅगेतला फोन थरथरला. दादाचा होता. तो एवढंच म्हणाला, "थोरली आई गेली. ये."

थोरली आई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. आमच्याकडं चुलतीला असंच म्हणतात आणि माझ्या बाबतीत ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. माझी आई शेतात आणि थोरली आई घरात, म्हणून मला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं ते तिनंच. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळं हे नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही… पण लिहायला पाहिजे असं त्याच दिवशी ठरलं, आणि ठरलं ते दुःखानं नाही, रागानं.

कोल्हापुरातनं आमच्या गावाला एसटीनं तासभर लागतो. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकत अडकत मी पोचले तेव्हा दारात मांडव घातला होता. सकाळी ती डेअरीला दूध घालून आली होती. रिकामी किटली पायरीवर ठेवली, छातीत जळजळतंय म्हणाली आणि गाडी दारात येईपर्यंत संपलं. किटली अजून पायरीवरच होती. मी आत गेले, तिच्या पायाशी बसले. भोवतीनं गल्लीतल्या बायका होत्या. त्यातली एक डोळ्याला पदर लावून म्हणाली, "लई सोसलं बिचारीनं. एका कांद्यापाय जलम गेला." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी उसासा टाकला. मला तिथंच ओरडावंसं वाटलं की तिनं कांदा चिरलाच नव्हता… पण ती समोर पडली होती आणि तिची लेक, आमची रूपाताई, आठव्या महिन्याचं पोट घेऊन भिंतीला टेकून बसली होती. तिथं गिळलं ते इथं लिहिते आहे.

आमच्या भागात घराआड एक फौजी असतो. थोरले आबा, म्हणजे माझे ते चुलते, तेही फौजेत होते, गाडीवर ड्रायव्हर. लग्नानंतर थोरली आई सासू-सासऱ्यांजवळ गावात आणि आबा राजस्थानात. वर्षातनं एकदा सुट्टी. रूपाताई पोटात राहिली ती महाशिवरात्रीच्या सुट्टीनंतर. सहावा महिना चालू असताना, आषाढ अमावास्येला संध्याकाळी सूर्यग्रहण लागलं. ग्रहण म्हणजे आमच्याकडं गिराण. पोटुशी बाईनं गिराणात काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, मोडायचं नाही, घडी घालायची नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. चिरलं तर पोराचा ओठ चिरतो, असं मानतात. माझी आजी ह्या बाबतीत फार कडक होती. तिनं थोरल्या आईला दुपारीच मधल्या खोलीत घोंगड्यावर बसवलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः बाहेर सोप्यात जपाला बसली. थोरली आई अंधारात भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पोटावर ठेवून बसून राहिली. पायाला मुंग्या आल्या तरी पाय हलवला नाही. "नाकावर माशी बसली तर हाकलावी का न्हाय, ह्येचा बी इचार केला मी," असं ती मला सांगायची. (आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तिचं बोलणं मी तसंच लिहिते.) "मग हाकलली?" असं मी विचारायची. "न्हाय. बसू दे म्हटलं, तिला बी गिराण हाय."

दिवाळीनंतर रूपाताई जन्मली. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता. बाळंतिणीनं बाळाला पुरतं पाहिलंही नव्हतं आणि आजीनं पहिला प्रश्न केला, "काय चिरलंस?"

काही नाही, असं ती म्हणाली. पुढं पंचवीस वर्षं तिच्या त्या 'काही नाही'वर कुणी विश्वास ठेवला नाही. आजी म्हणायची, "चिरल्याबिगर व्हट चिरत न्हाय. कांदा चिरला असशील. भुकंचं सोसलं नसंल." एकदा कांद्याचं नाव निघालं आणि मग त्या कांद्याला हळूहळू रूप येत गेलं. शेजारच्या बाईला त्या संध्याकाळी विळीचा आवाज ऐकू आल्याचं आठवलं. कुणाला वास आला होता. कांदा पांढरा होता असंही एक जण सांगायची. घराघरांत, पाणवठ्यावर, लग्नामांडवांत सगळ्यांना तो कांदा दिसला होता. दिसला नव्हता तो फक्त थोरल्या आईला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तीसुद्धा तो शोधायला लागली. भाकरी थापता थापता मध्येच थांबायची आणि मला विचारायची, "त्या दिवशी दातानं दोरा तोडला असंल काय गं मी? नखं कुरतडली असतील?" मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. मी म्हणायची, मला काय माहीत, मी नव्हते ना तेव्हा. ती म्हणायची, "मी तर हुतो की. मला बी आठवंना."

रूपाताईला बघायला बायका यायच्या ते बाळ बघायला नाही, ओठ बघायला. टोपडं-झबलं घेऊन यायच्या आणि दारातनंच माना उंचावायच्या. थोरली आई पदर ओढून बाळाचं तोंड झाकायची, नाकाखालून हनुवटीपर्यंत, आणि म्हणायची, "पयलं डोळं बघा." बाळ झोपलेलं असलं तर जागं होईपर्यंत बसवून ठेवायची. चहा विचारायची नाही. माझी आई सांगते, थोरली आई भांडली असं कधी कुणी पाहिलं नाही, पण हा पदर तिनं कुणाच्या बापासाठी बाजूला केला नाही. पुढं मिरजेला नेऊन ओठाचं ऑपरेशन केलं. आता नाकाखाली एक बारीक रेघ आहे आणि काही शब्द नाकातून येतात, एवढंच.

आबांनी पहिल्यांदा लेक पाहिली ती पुढच्या सुट्टीत. एकदा पाहिली आणि बाहेर जाऊन बसले. बायकोला बोलले नाहीत, असं घरचे कौतुकानं सांगतात… म्हणजे मारलं नाही, टाकलं नाही. तिच्या बाजूनं बोलले का, हे कुणी विचारत नाही.

आबा निवृत्त होऊन गावी आले तेव्हा मी लहान होते. त्यांची एक गोष्ट मी आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांनी तालमीच्या कट्ट्यावर बसून किती वेळा ऐकली असेल. रूपाताईच्या जन्माच्या आदल्या वर्षी वाळवंटात अणुबॉम्बची चाचणी झाली तेव्हा आबा तिथं होते. "पायाखालची जमीन अशी हालली," ते हाताचा पंजा हलवून दाखवायचे. "वर बघतोय तर आभाळभर धूळ. युनिफॉर्मवर, टोपीवर, मिशीवर. साहेब म्हणालं, झटका. म्या म्हटलं, न्हाय साहेब, ही देशाची धूळ हाय." इथं कट्ट्यावरचं कुणी तरी त्यांना चहा सांगायचं. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला त्यांना बोलवायचे आणि हीच गोष्ट सांगायला लावायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो. रूपाताईही वाजवायची.

रूपाताईचं शिक्षण बारावीपर्यंत झालं, शिवणाचा क्लास केला. मग स्थळं बघायला सुरुवात झाली. दोन-तीन ठिकाणी ओठावरनं नकार आला. ते अपेक्षितच होतं, बरी माणसंही तिथं वाईट वागतात. पण एका स्थळाकडनं मध्यस्थाबरोबर वेगळाच निरोप आला. "पोरगी चांगली हाय. पण बाच्या अंगावर बॉम्बची धूळ पडल्ती म्हणं. ते रक्तात उतरतंय. पुढं नातवंडास्नी बी तसलंच हुतंय." त्यांच्यातल्या कुणी तरी फोनवर कसला तरी व्हिडिओ पाहिला होता, त्यात वाकड्या हातापायांची मुलं दाखवली होती. कट्ट्यावर इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट दुसऱ्या गावाला जाऊन, वेश बदलून, आमच्याच दारात परत आली.

आणि मग जे झालं ते मी विसरू शकत नाही. गावात बातमी पसरली तेव्हा लोकांचा आवाज बदलला. आबा रस्त्यानं चालले की म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहायला लागली. "आम्हाला ठावंच नव्हतं," असं म्हणायची. "देशापायी केवढा त्याग केलासा आबा! पोटच्या पोरीपर्यंत…" आबा मान खाली घालून ऐकायचे. म्हणजे बघा, पंचवीस वर्षं जे एका बाईचं पाप होतं, तेच एका आठवड्यात एका गड्याचा त्याग झालं. ओठ तोच. टाके तेच. पोरगी तीच. बाईकडनं आलं तर कांदा, गड्याकडनं आलं तर देश. तिला कुणी येऊन म्हणालं का, की बाई, आम्ही तुला उगाच बोललो, चुकलं आमचं? एकही आलं नाही. उलट एक जण म्हणाली, "कांदा बी असंल आणि धूळ बी असंल."

मी त्या वेळी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मॅडमना घाबरत घाबरत विचारलं, नावं न सांगता. त्यांनी मला स्टाफरूममध्ये बसवून घेतलं. त्या म्हणाल्या की किरणोत्सर्गाचा मोठा मारा बसला, विशेषतः बाळ पोटात असताना बसला, तर इजा होते. हे खोटं नाही आणि त्यावर हसायचं नाही. पण जपानमध्ये बॉम्बमधून वाचलेल्यांना नंतर जी मुलं झाली, त्यांच्याकडं अभ्यासकांनी वर्षानुवर्षं पाहिलं आहे आणि लोक ज्याला घाबरतात तशी व्यंगांची वाढ त्यांच्यात ठामपणे दिसलेली नाही. आपल्याकडची ती चाचणी तर जमिनीखाली झाली होती. मग त्या म्हणाल्या, "परदेशात एकदा एक अणुभट्टी फुटली होती. तिथनं शेकडो मैल लांब असलेल्या कितीतरी बायकांनी, ज्यांना मूल हवं होतं त्यांनी, नुसत्या भीतीनं गर्भ पाडून घेतले. त्यांच्यापर्यंत धूळ अगदी थोडी पोचली होती. भीती मात्र पुरती पोचली." मी विचारलं, "मॅडम, पण ओठ मग कशानं?" त्या म्हणाल्या, "बहुतेक वेळा कुणाच्याच करण्यानं नाही. होतं." कुणाच्याच करण्यानं नाही… हे वाक्य मी त्या दिवशी घोकत हॉस्टेलवर आले. आमच्या गावात अशा वाक्याला जागाच नाही. तिथं काहीही झालं की आधी कुणी केलं ते विचारतात, आणि घरात सून असली की फार शोधावं लागत नाही.

पुढचं स्थळ इचलकरंजीचं आलं. मुलगा लूमच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. स्वभावानं शांत. त्याला रूपाताई पसंत होती, हे तो पोहे खाताना दिसतच होतं. पण त्याच्याबरोबर त्याची आत्या आली होती आणि निर्णय तिच्या हातात होता. तिनं बशी खाली ठेवली आणि आबांकडं वळली. "पावणं, एक इचारू का? राग मानू नगासा. तुमच्या अंगावर बॉम्बची धूळ पडल्ती म्हणत्यात, ते खरं काय?"

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. आबांनी भिंतीकडं पाहिलं. तिथं त्यांचा युनिफॉर्ममधला फोटो आहे. त्यांनी मिशीवरनं हात फिरवला, तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता काही तरी बोलतील. काही तरी. रूपाताई खाली मान घालून हातातल्या बांगड्या एकेक करून मागं सारत होती…

"धूळबीळ काय न्हाय," आतल्या दारातनं थोरल्या आईचा आवाज आला. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढं येऊन उभी राहिली. "मीच कांदा चिरला. गिराणात."

आत्याबाई तिच्याकडं बघत राहिली. "किती?"

"एकच."

"कशाला गं बाई?"

"भूक लागल्ती."

आत्याबाईनं मोठा सुस्कारा सोडला आणि बशी परत उचलली. "मग तसं सांगा की! गिराणाचं तेवढ्यापुरतंच असतंय. पुढच्या पोरांस्नी त्येचं काय न्हाय." मग ती थोरल्या आईला म्हणाली, "पर तू बी कसली गं, एवढं बी सोसलं न्हाय तुला?" आणि हसली. सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. थोरली आईही हसली. आबा हसले तेव्हा मात्र मी ट्रे आत नेऊन ठेवला.

लग्न ठरलं. त्याच संध्याकाळी मी तिला गोठ्यात गाठलं. ती किटली घासत होती. मी म्हटलं, "थोरल्या आई, तू खरंच कांदा चिरला होतास?"

"खुळी हाईस काय?"

"मग असं का म्हणालीस?"

"गिराण एका पोरावर भागतंय. धूळ पिढ्यान्पिढ्या जाती म्हणं." तिनं किटलीत पाणी खळबळलं. "त्यातलं सोपं कुठलं, ते उचललं."

"आणि आबांची धूळ?"

ती हसली. "कसली धूळ? डेपोत हुतं तुझं थोरलं आबा. बटाट्याची पोती वाहत हुतं गाडीतनं. कुठं त्यो बॉम्ब आणि कुठं ह्यो डेपो! टीव्हीवर बघिटलं त्यांनी बी, जगानं बघिटलं तवाच."

"मग त्यांनी तिथं सांगायचं ना! तुझ्यासाठी नाही, लेकीसाठी तरी!"

"गडीमाणूस. आख्ख्या गावाफुडं सांगिटल्यालं परत कसं घ्यायचं त्यांनी?" हे ती चिडून म्हणाली नाही. सवयीनं म्हणाली. मला त्या सवयीचाच जास्त राग येतो.

मग मी फोन काढला. हॉस्टेलवर माझ्या खोलीत नर्सिंगची एक मुलगी राहते. पोटातलं बाळ आठवड्या-आठवड्याला कसं वाढतं, त्याची चित्रं तिच्या पुस्तकात आहेत. त्या पानांचे फोटो मी आणले होते. मी तिला दाखवलं की बाळाचा वरचा ओठ दोन बाजूंनी येऊन मध्ये जुळतो, आणि तो जुळायचा असेल तर सहा-सात आठवड्यांतच जुळतो. नंतर नाही. महाशिवरात्रीनंतर धरलं तर रूपाताईचा ओठ चैत्रात ठरून गेला होता. गिराण लागलं आषाढ अमावास्येला.

ती बोटांवर महिने मोजत राहिली. चैत्र, वैशाख… परत पहिल्यापासनं मोजले. मग म्हणाली, "म्हंजे गिराण लागायच्या आधीच…?"

"हो. तू त्या दिवशी कांद्याचं पोतं चिरलं असतंस तरी काही झालं नसतं."

ती किटली पुन्हा घासायला लागली. मग एकदम म्हणाली, "मग मी त्या दिवशी मुतायला बी उठलो न्हाय, ते कशापाय?" आणि हसायला लागली. मीही हसले. हसता हसता तिनं किटलीवर तळहात असा आपटला की म्हैस बुजली. "ह्ये पुस्तकात लिवलंय?" तिनं विचारलं.

"हो."

"कवापासनं?"

मी म्हटलं, "खूप वर्षांपासून."

"मग मिरजंच्या डाक्टरला म्हाईत असणार की."

"असणार."

"मग त्यो का बोलला न्हाय?" आता तिचा आवाज चढला. तिचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "माझी सासू त्येच्या टेबलाफुडं बसून मला इचारत हुती, काय चिरलंस सांग, काय चिरलंस सांग. त्यो खाली मान घालून लिवत बसला. एकदा वर बघून 'न्हाय आजी, तसं नसतंय' एवढं म्हटला असता तर त्येचं काय गेलं असतं?"

त्या डॉक्टरांनी ओठ चांगला शिवला, हे मी मान्य करते. पण रांगेत बरेच पेशंट असतील, खेड्यातल्या म्हातारीला समजावून काय उपयोग असं वाटलं असेल… आणि त्या न बोललेल्या एका वाक्याची शिक्षा एक बाई पंचवीस वर्षं भोगत राहिली. शिकलेल्या माणसांनी गप्प बसणं म्हणजे काय, हे मला त्या गोठ्यात कळलं. मी आता शिकते आहे म्हणून जास्त कळलं.

जाताना ती म्हणाली, "कुणाला सांगू नगंस ह्ये. कांदा ऱ्हाऊ दे. पोरीचा संसार हुभा हाय त्येच्यावर."

गेल्या भाद्रपदात पौर्णिमेला चंद्रग्रहण होतं. रूपाताईला तेव्हा दिवस गेलेले. दुपारी थोरल्या आईनं तिला फोन लावला, मी शेजारीच होते. "रूपा, आज गिराण पाळ. गप बस." मला राग आला. एवढं सगळं कळूनही? मी फोन ओढायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला आणि लेकीला म्हणाली, "बाळासाठी न्हवं गं. लोकांच्या तोंडासाठी. आणि एकली बसू नगंस. सासूला म्हण, तुम्ही बी बसा माझ्यासंगट, माझ्या हाताकडं बघत बसा. मी एकली बसलो हुतो, तिथंच चुकलो. मला साक्षीदार न्हवता."

तिचं वाक्य मला किती दिवस झोपू देईना. बाईनं काही केलं नाही, ह्यालासुद्धा साक्षीदार लागतो. आणि मी त्या लांबच्या बायकांचा विचार करत राहिले, ज्यांच्या गावावर खरोखरच धूळ पडली असेल. खरी, यंत्रात टिकटिकणारी. त्यांच्या पोरांना काही झालं असेल तेव्हा त्यांनासुद्धा घरातल्या कुणी तरी आधी हेच विचारलं असेल ना, की तू काय केलंस? ज्यांनी धूळ उडवली ते कुठल्या तरी भिंतीवरच्या फोटोत असतील.

उत्तरकार्याच्या दिवशी चौकात डिजिटल बोर्ड लागला होता. त्यावर आबांचा युनिफॉर्ममधला फोटो मोठा आणि थोरल्या आईचा कोपऱ्यात, बांगडीएवढा. जेवणं झाल्यावर मी आबांशेजारी जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "आबा, तुम्ही डेपोत होता ना?" ते बराच वेळ हाताचे पंजे बघत राहिले. मग म्हणाले, "तिनं सांगिटलं व्हय." मी म्हटलं, हो. "आता उकरून काय करायचं, पोरी? ती तर गेली." मी म्हटलं, "तिच्यावरचा कांदा नाही गेला. परवा तिच्या मढ्याशेजारी बसून बायका तेच बोलत होत्या." आबांचे डोळे भरले. मला त्यांची दया आली आणि दया आल्याचाही राग आला. ते वाईट नाहीत. त्यांनी फक्त एक खोटं सांगितलं, चहासाठी आणि टाळ्यांसाठी, आणि ते परत घ्यायची वेळ आली तेव्हा बायकोला पुढं होऊ दिलं.

हे सगळं लिहू का, असं मी रूपाताईला विचारलं. सासरी कळलं तर? ती म्हणाली, "आमच्या ह्यांस्नी मी लग्नाच्या पहिल्या म्हैन्यातच सांगिटलंय. ते म्हटले, मी काय गिराण बघून लगीन केलं न्हाय. सासूला वाचून मीच दाखवीन." मग म्हणाली, "लिही तू. आईला जित्तेपणी वाचवाय आलं न्हाय, आता कुणासाठी झाकायचं?"

थोरली आई जाऊन महिना उलटला तेव्हा रूपाताई बाळंत झाली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरीच होती. बाळाला थोरल्या आईच्या जुन्या साडीत गुंडाळलं होतं. धुऊन धुऊन मऊ झालेली, जांभळ्या काठाची, ती गोठ्यात नेसायची ती. पाचवीला गल्लीतल्या बायका आल्या. टोपडी, झबली, आणि दारातनंच उंचावलेल्या माना. "बघू, बघू… तोंड बघू." आबा त्यांच्यामागं उभे होते, टाचा उचलून. मधल्या खोलीत, तिथंच जिथं एकेकाळी ते घोंगडं अंथरलं होतं, रूपाताई मांडी घालून बसली होती. तिनं त्या साडीचा काठ उचलला आणि बाळाच्या नाकाखालून हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

"पयलं डोळं बघा," ती म्हणाली.

"अगं, झोपलंय न्हवं ते?" एक जण म्हणाली.

"मग बसा की."

बायका एकमेकींकडं बघत खाली बसल्या. आबा म्हणाले, "मला तरी दाव गं." रूपाताईनं काठ आणखी घट्ट धरला. "तुम्ही बी बसा, आबा." आबा दाराच्या उंबऱ्याशी बसले. कुणी चहा विचारला नाही.

वाचता वाचता तुम्हालाही आता एकच गोष्ट विचारायची असेल, मला ठाऊक आहे. मी ते सांगणार नाही. बाळ झोपलंय. बसा… डोळे उघडू द्यात.